जायफळाचा वेढा

जायफळ सत्यवतीच्या कनवटीला होतं, आणि आवडाबाई सकाळपासून ते सगळ्या घरात शोधत होती.

फडताळ धुंडून झालं, मिठाच्या बरणीमागे हात घालून झाला, देवापुढच्या तांदळांत बोटं फिरवून झाली. मग तिने बाळगुटीची पितळी डबी मांडीवर घेतली आणि आतलं एकेक काढून पाटावर मांडलं. वेखंड होतं. मुरडशेंग होती. हिरडा, सुंठ, हळकुंड, खारीक, बदाम, सगळं वाडीतल्या पोरांसाठी झिजून झिजून नदीतल्या गोट्यांसारखं गुळगुळीत झालेलं. जायफळाची जागा तेवढी रिकामी.

"हितंच होतं गो," ती म्हणाली. "कालपरेंत हितंच होतं."

कालपर्यंत नव्हतं. पंधरवडा झाला, नव्हतं. रोज सकाळी ती असंच शोधायची, आणि रोज सत्यवती सुपातलं निवडता निवडता म्हणायची, "आत्याबाय, जायफळ आत्ताच उगाळलंत की." मग सासू सहाणेकडे बघायची, दगडावरच्या पिवळट ओलीकडे, आणि तिचा चेहरा हळूहळू निवळायचा. "व्हय गो. उगाळलं." नातवाला, बाबल्याला, मांडीवर घेऊन ती बाकीची गुटी पाजायची, आणि सत्यवती पोर उचलून माजघरात न्यायची. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण एकच खोटं रोज बोललं, की तेही घरातल्या भांड्यासारखं हाताळून हाताळून वापरातलं होतं.

आज मात्र ते चालणारं नव्हतं. आज नारळी पुनव, आणि आऱ्याहून गोदू आली होती.

गोदू म्हणजे आवडाबाईची थोरली लेक, सत्यवतीची नणंद. तिचा आवाज आधी यायचा आणि मग ती. सकाळच्या एस्टीने उतरली ती काखेत चार महिन्यांची पोर आणि हातात करंज्यांसाठी नारळांची पिशवी घेऊन, आणि उंबऱ्यातच म्हणाली, "आये, आदी हिला गुटी दे बाय. रातभर आमाला निजू दिलं नाय. माज्या सासूची गुटी म्हंजे नुसतं पानी."

सत्यवतीच्या हातातली किसणी थांबली.

*

दिव्यांच्या अवसेची गोष्ट ती अजून पुरती विसरू शकली नव्हती. त्या दिवशी दुपारी बाबल्या निजला तो निजलाच. आधी तिला बरंच वाटलं होतं. पोर निजलं की बाईचे हात मोकळे होतात. तिने घरातले सगळे दिवे घासले, समया पुसल्या, पाटावर रांगोळी काढून मांडल्या. दूध भरून छाती ठणकायला लागली तेव्हा ध्यानात आलं, की पोर सकाळपासून अंगावर प्यायलेलंच नाही. तिने तळव्यांना गुदगुल्या केल्या. गालावर पाणी शिंपडलं. ओठ नुसते हलले. घरातल्या पोरांना ओवाळायचे ते दिवे पाटावर जळत होते आणि पोर डोळे उघडत नव्हतं.

तिच्या नवऱ्याने, गुणाजीने, धावत जाऊन रिक्षा आणली. बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी बाबल्याच्या पायाला टिचक्या मारल्या, आणखी मारल्या, आणि ते किरकिरलं तेव्हा स्वतःही जरा सैलावले.

"गुटी देता?"

"सासूबाई देतात."

"जायफळ असतं त्यात?"

"एक वेढा. एकच."

"एका वेढ्याचं काम नाही हे, बाई. हे पोराला पुन्हा पुन्हा पाजलंय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "यावेळी उठलं. दरवेळी उठेलच असं नाही."

येताना रिक्षात गुणाजी एवढंच म्हणाला, "आयेला काय बोलू नको. वय झालं तिचं." सत्यवती आठवत होती. त्या दिवशी सासूच्या हातात गुटी पाजायची शिंपली तिने सकाळी बघितली होती, मग परड्यात कपडे वाळत घालताना बघितली होती, आणि मग पुन्हा एकदा. दरवेळी तिला वाटलं, उरलंसुरलं चाटवतेय. बी. ए. झालेली बाई ती, निजलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी. वाडीतल्या बायका त्यावरून तिला हसायच्या. आणि डोळ्यांदेखत पोराच्या तोंडाला शिंपली लागत होती ती तिला दिसून दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई मागीलदारच्या पायरीवर पाठ उघडी करून बसली होती. तिच्या अंगाला खाज सुटायची, आणि खोबरेल चोळून द्यायचं काम सत्यवतीचं. खांद्यावरची कातडी लसणीच्या सालीसारखी झाली होती. चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची, मागे जायला विसरायची. नखाचा नुसता ओरखडा उठला तरी खाली काळानिळा डाग पडायचा, आणि तो कुठून आला ते आवडाबाईला सांगता यायचं नाही.

"पाळी गेली ना गो, त्या सालापासनं ह्ये," ती म्हणाली. "आदी अशी नव्हती कातडी. डोकीवर मासळीची पाटी, तिचं पानी अंगावर गळायचं, खारं वारं, ऊन, कायपन लागायचं नाय. पानी पडलं तर थेंब घरंगळून जायचा. मग पाळी गेली आन एकेक आटत गेलं. लुगडं टोचायला लागलं. हाताला चिरा पडल्या, त्यात मीठ झोंबायला लागलं. म्हटलं, आटू दे. बाईच्या जातीचं आटतंच." तिने दुसरा खांदा पुढे केला. "पन आता डोक्यात पन तसंच होतंय."

"तसंच म्हणजे?"

"कोरडं. कोन काय सांगतं, त्ये मुरत नाय. कातळावर पानी वतल्यासारखं."

सत्यवती चोळत राहिली.

"काल पोराला मीच पाजली ना, पुन्यांदा?"

सत्यवतीचा हात थांबला.

"चोळ गो. थांबू नको."

मग आवडाबाईने स्वतःच्या कनवटीची गाठ सोडली आणि जायफळ काढून मागे हात करून दिलं. वळून बघितलं नाही. "ह्ये तुज्याकडं ठेव. मी मागितलं तरी देऊ नको. शिव्या घातल्या तरी देऊ नको. आन कुनाला बोलू नको. गोदूला तर नायच. तिच्या पोटात काय राहत नाय. वाडीत कळलं, तर कुनी आपलं पोर माज्या मांडीवर देनार नाय."

"आत्याबाय, मग गुटीच सोडून द्या ना आता. पुष्कळ केलंत."

आवडाबाईने लुगड्याचा पदर खांद्यावर ओढून घेतला. "मग मी सकाळची उठून काय करू गो?" ती म्हणाली.

दुपारी जेवणं झाल्यावर ती डबी घेऊन बसली आणि जायफळ शोधायला लागली. दिलेलं ती विसरली होती. सत्यवतीला मात्र आता ते विसरता येणार नव्हतं.

*

"कुनाचं गो ह्ये?" गोदूच्या पोरीला मांडीवर घेत आवडाबाईने विचारलं.

तिची ही रीतच होती. पोर कुणाचं आहे ते ठाऊक असलं तरी ती विचारायचीच, आणि पोराच्या आईने घराचं नाव सांगितल्याशिवाय सहाणेला हात लावायची नाही. वाडीतल्या निम्म्या बाप्यांनी पोरपणी तिच्या मांडीवर असं आपलं नाव सांगून घेतलं होतं. आता ते मिरकरवाड्याच्या धक्क्यावर मिशीला पीळ भरत ट्रॉलर रंगवत होते.

"माजं, आन कुनाचं?" गोदू हसली. "दादू तांडेलाच्या लेकीचं."

"तांडेलाचं व्हय? मग दिली पायजे." आवडाबाईने डबी उघडली, आणि तिचा हात रिकाम्या जागेवर थांबला. "जायफळ कुठाय?"

"असंल गो हितंच."

"हितं नाय." आवडाबाईने मान वर केली आणि सरळ सुनेकडे बघितलं. "हिनं घेतलं. माज्या डबीतनं चोरलं हिनं."

सत्यवती खाली मान घालून खोबरं किसत राहिली. कनवटीचं जायफळ पोटाला रुतत होतं.

"सत्ये, खरं काय गो?" गोदूने विचारलं. आवाजात अजून थट्टा होती.

"मला नाही ठाऊक."

"नाय ठाऊक. घर तू चालवतेस, चावी तुज्याकडं, आन ठाऊक नाय." थट्टा आता पातळ होत चालली. "तुला आमची गुटी आवडत नाय, त्ये मला बारशालाच कळलं होतं. तुजं आपलं बाटलीतलं ग्राइप वॉटर. पाज की तुज्या पोराला, आमी कुठं नाय म्हनतो? पन म्हातारीची डबी कशाला रिकामी करायची?"

"गोदूताय, आजच्या दिवस पोरीला जायफळाशिवाय द्या. बाकी सगळं आहे."

"का?"

सत्यवतीने तोंड उघडलं. मागीलदारची पायरी, तेलाने चकाकणारी पाठ आणि न वळता मागे आलेला हात तिला दिसला. "उष्ण पडतं," ती म्हणाली. ते इतकं लंगडं होतं की तिचं तिलाच ऐकवलं नाही.

"उष्ण पडतं," गोदू म्हणाली. "आये, ऐकलंस? तू आमा सगळ्या भावंडांना पाजलंस, ते आमाला उष्ण पडलं. म्हनून मी अशी काळी."

तेवढ्यात शेजारची आनंदीबाई करंज्या भरायला पोळपाट घेऊन आली. तिला सगळं एका दमात कळलं, कारण गोदूने ते तिला एका दमात सांगितलं. "अगो, जायफळाचं काय एवढं?" म्हणून ती उलट पावली घरी गेली आणि मुठीत जायफळ घेऊन आली. चांगलं टपोरं, न झिजलेलं.

सत्यवती उठली. मग पुन्हा बसली. दोघींच्या देखत ती सासूच्या हातातून काय म्हणून हिसकावून घेणार होती?

आवडाबाईने सहाण धुतली. उकळून गार केलेल्या पाण्याचा थेंब टाकला, आणि तिचा हात फिरायला लागला. तो हात बघण्यासारखा होता. वरची कातडी सुकून चुरगळली होती, शिरा दाव्यासारख्या वर आल्या होत्या. पण मनगट एखाद्या तरण्या बाईसारखं गोल फिरत होतं, आणि प्रत्येक वेढ्याला तोंडातून तिचे ते शब्द येत होते, जे तिला कुणी शिकवले नव्हते आणि जे वाडीतल्या प्रत्येक आईला पाठ होते.

"वेखंडाचा घेते, बोल फुटो. मुरडशेंगेचा घेते, पोट धरो. हळकुंडाचा घेते, कांती चढो." बदाम झाला, खारीक झाली. शेवटी तिने जायफळ उचललं, दगडावर टेकवलं, आणि आवाज खाली आणला. "जायफळाचा एकच. झोप लागो, पन जाग येवो."

एकच वेढा. सत्यवतीने डोळे ताणून बघितलं. एकच. नखाच्या चंद्राएवढा पिवळसर डाग दगडावर उमटला, आणि आवडाबाईने जायफळ बाजूला ठेवलं. पांढऱ्या शिंपलीत गुटी भरली, पोरीच्या खालच्या ओठाला शिंपलीची कड लावली. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं, गिळलं, आणि तिचं रडणं कुणी दार लावावं तसं थांबलं.

गोदूने भावजयीकडे जिंकल्यासारखं बघितलं.  

*

बाहेर ओट्यावर आवडाबाईचा नवरा, दादू तांडेल, नारळाला सोनेरी कागद लावत बसला होता. संध्याकाळी धक्क्यावरून हा नारळ दर्यात सोडायचा, मग होड्या बाहेर पडायच्या. आतलं सगळं बोलणं त्याच्या कानावर येत होतं. तो कागदाची सुरकुती अंगठ्याने सारखी करत होता आणि ती होत नव्हती.

बायको विसरते हे त्याला या घरात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. दोन सालांमागे लिलावात तिने एकाच टोपलीची बोली दोनदा केली, तीही स्वतःच्याच वर. लोक हसले, तीही हसली. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा कुणी हसलं नाही. त्या संध्याकाळी दादू म्हणाला, "आवडे, माजे गुडगे गेले. घरात मला एकट्याला होत नाय. तू बंदरावर जाऊ नको आता." त्याचे गुडघे धडधाकट होते. तेव्हापासून अख्खी वाडी म्हणायची की तांडेल आळशी झाला, बायकोला धंद्यावरून उठवून घरी सेवेला बसवली. म्हणू दे. बंदरावर तिचं नाव अजून जसंच्या तसं होतं.

दाराच्या चौकटीतून त्याला सुनेची पाठ दिसत होती. करंज्यांचं पुरण ढवळताना तिचा डावा हात सारखा कनवटीकडे जात होता, चाचपत होता, परत येत होता. पंधरवडाभर तो ही लकब बघत होता. आज त्याला तिचा अर्थ लागला. म्हणजे ही पण, तो मनाशी म्हणाला. आपण एकटे नव्हतो तर. त्याला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

*

करंज्या अर्ध्या झाल्या होत्या. चुलीपुढे आनंदीबाई तळत होती, गोदू लाटत होती, आणि दोघी आऱ्याच्या कुणा सरपंचाच्या सुनेबद्दल बोलत होत्या. सत्यवती मुरड घालत होती, पण तिने बसायची जागा अशी धरली होती की स्वयंपाकघराच्या दारातून माजघरातली चटई दिसावी. चटईवर दोन पोरं निजली होती, बाबल्या आणि गोदूची. शेजारी आवडाबाई भिंतीला टेकून बसली होती, रिकाम्या हातांनी.

गोदूची पोर झोपेत किरकिरली. नुसतीच किरकिरली, पोरं किरकिरतात तशी.

आवडाबाई पुढे झाली. तिने पोरीला उचलून मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. "भुकेलं गो," ती पोरीलाच म्हणाली. "कुनी गुटी दिली नाय तुला? कुनी बघतच नाय माज्या बायला." आणि डबी ओढली.

सत्यवतीच्या हातातली करंजी फुटली.

ती उठून दारात येईपर्यंत वेखंड झालं होतं. चटईपर्यंत पोचेपर्यंत जायफळ दगडाला लागलं होतं. "जायफळाचा एकच," आवडाबाई म्हणत होती, अगदी मगासारखीच, त्याच चालीत, एकही शब्द न चुकता. शिंपली भरली. पोरीच्या तोंडाकडे निघाली.

सत्यवती खाली बसली, सासूचा हात मनगटाशी हलकेच धरला, शिंपली आपल्याकडे वळवली आणि पिऊन टाकली. तुरट, कडू, जिभेला पिठासारखी चिकटणारी चव होती ती. लहानपणी आपणही ही घेतली असेल, एवढंच तिच्या मनात येऊन गेलं.

"अगो बाय," दारातून गोदूचा आवाज आला. "आनंदे, ये हिकडं. बघ. माज्या पोरीची गुटी ही घोडी प्यायली."

आनंदीबाई आतूनच खिदळली. "आता पुन्यांदा बाळंत व्हायची असंल."

"हसू नको आनंदे. ह्ये काय थट्टेचं नाय." गोदू कमरेवर हात ठेवून उभी होती, पिठाने बरबटलेली. "तुला आमी काय केलंय गो सत्ये? आयेच्या हातचं माज्या पोरीच्या पोटात जाऊ नये, एवढं तुज्या मनात? मला दोन दिस माहेर नको करायला?"

सत्यवतीने पदराने ओठ पुसले. सांगावं? मांडीवरची पोर मांडीवर तशीच होती. सांगितलं तर ही पोर वाचेल, आणि मांडी जाईल. तिने आवडाबाईकडे बघितलं. आवडाबाईने कुणाकडेच बघितलं नव्हतं. तिने रिकामी शिंपली खाली ठेवली होती, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला होता, आणि सहाणेवर पाण्याचा थेंब टाकून ती पुन्हा म्हणायला लागली होती, "वेखंडाचा घेते, बोल फुटो."

गोदूचा कमरेवरचा हात खाली आला.

"आये," ती म्हणाली. "हिला आत्ता तर दिलीस गो. मगाशी."

"कदी?"

"मगाशी. मी आले तवा."

"तू कदी आलीस?" आवडाबाईने आनंदाने वर बघितलं. "अगो, येनार म्हनून सांगावा तरी धाडायचा. जेवलीस?" आणि तिचा हात मुरडशेंगेकडे गेला.

चुलीवरचं तेल आत चरचरत होतं. आनंदीबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. "काय झालं गो गोदू?" तिने विचारलं, आणि ती उठत असल्याचा पाटाचा आवाज आला.

उत्तर ओट्यावरून आलं. "काय होनार, आनंदे? माजं पोट बिघडलंय सकाळपासनं. मीच सांगितलं तिला उगाळायला. तुज्या करंज्या करपतील, बघ."

गोदूने बापाकडे बघितलं. तांडेल नारळाचा कागद चापून बसवत होता, मान खाली. तिने भावजयीकडे बघितलं. सत्यवतीच्या ओठांच्या कोपऱ्यात गुटीचा पिवळा डाग राहिला होता, आणि तिचा हात कनवटीवर घट्ट दाबलेला होता, लहान पोर काहीतरी लपवतं तसा. आऱ्याला बसून गोदू वाडीतल्या दहा घरांच्या बातम्या ठेवायची. या एका घरात काय शिजतंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं, तेही तिला कळलं. आपलं तोंड आपल्याला ठाऊक असतं.

"तुला सांगू नको म्हणाल्या होत्या," सत्यवती अगदी हळू म्हणाली.

"कोन? आये?"

"त्याच. स्वतः."

आनंदीबाई झारा घेऊन दारात आलीच. "तांडेलांना गुटी? ह्या वयात?"

गोदूने पिठाचे हात लुगड्याला पुसले. पोर आईच्या मांडीवरून उचलून सत्यवतीच्या कडेवर दिली. आत्ता घटकाभरापूर्वी तिने पोरीला या बाईच्या वाऱ्याला उभं केलं नसतं. मग ती आईपुढे मांडी घालून बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"बाला मागाहून दे, आये. आदी मला. करंज्या खाऊन खाऊन माजं पन पोट बिघडलंय."

"ह्या माहेरवाशिणीला काय लाज आनंदे, बघतेस?" दादू ओट्यावरून म्हणाला, आणि आनंदीबाई हसली. हसत हसत तिथेच चौकटीला टेकली.

आवडाबाईने जायफळ उचललं. "जायफळाचा एकच," ती म्हणाली. एकच वेढा घेतला. ते खाली ठेवताच गोदूचा डावा हात पुढे सरकला, सहाणेच्या कडेचं जायफळ मुठीत गेलं आणि मूठ पाठीमागे गेली. सत्यवतीने पोर सावरत खाली वाकून ते घेतलं. ओलं होतं, कोमट होतं. तिने ते कनवटीला पहिल्याच्या शेजारी खोचलं.

शिंपली भरली. ती हातात धरून आवडाबाई समोरच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली, कपाळ, नाक, हनुवटीवरचं गोंदण. तिची मान किंचित कलली.

"कुनाची गो तू?"

आनंदीबाई मोठ्यांदा हसली. "विचार, विचार. नाव सांगितल्याबिगार देऊ नको हिला," असं म्हणत ती करपलेल्या वासामागे आत धावली.

गोदू हसली नाही. तिच्या तोंडासमोर शिंपली होती, आणि शिंपलीमागे आईचे डोळे, स्वच्छ, अगत्याचे, वाट बघणारे. असे डोळे आवडाबाईने वाडीतल्या प्रत्येक परक्या बाईवर लावले होते.

"आवडाबायची," गोदू म्हणाली.

"आवडाबायची?" आवडाबाईला ते नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं असावं. तिने ते जिभेवर घोळवलं, आणि तिचा चेहरा उजळला. "मग हितं कशाला आलीस बाय? तिच्या हातची गुटी लय चांगली. तिच्याकडंच जा, हां?"

"जाईन," गोदू म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.